हॅरी पॉटरमधल्या चुका कशा शोधायच्या? पहिल्यांदाच पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांसाठी

चौथ्या पुस्तकाच्या शेवटी, स्मशानातल्या त्या प्रसंगात व्होल्डेमॉर्टच्या छडीतून आधी कोण बाहेर येतं, हॅरीचे वडील की आई? या एका प्रश्नावरून माझी आणि माझ्या मावसबहिणीची दोन दिवस चांगलीच जुंपली होती. ती म्हणे वडील, मी म्हणे आई. शेवटी दोघींनी आपापली प्रत आणली, शेजारी शेजारी उघडली आणि बघतो तर काय, दोघींचंही बरोबर. तिच्या प्रतीत जेम्स आधी, माझ्या प्रतीत लिली. पुस्तक एकच, प्रकाशक एकच, छपाई मात्र वेगवेगळ्या वेळची.

तेव्हापासून मी ही सातही पुस्तकं हातात पेन्सिल घेऊन वाचते. नव्याने या नादाला लागणारे बरेच जण कुठूनतरी चुकांची एखादी तयार यादी मिळवतात, ती आपल्या प्रतीत शोधायला जातात, आणि सापडली नाही की गोंधळतात. काहींचं उलट होतं: लेखिकेने मुद्दाम पेरलेली गोष्ट त्यांना चूक वाटते आणि चारचौघांत वाद होतो. मी या दोन्हींतून गेले आहे. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून मला उपयोगी पडलेली पद्धत इथे क्रमाने मांडते. सातही पुस्तकं वाचून झाली नसतील तर इथेच थांबा, कारण पुढे रहस्यं फुटणार आहेत.

जवळ काय काय हवं

- तुमची स्वतःची प्रत. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नका, कागदाच्या चिठ्ठ्या घाला.
- जमलं तर त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत, जुनी किंवा दुसऱ्या देशातली. मित्रमैत्रिणींकडे हमखास सापडते.
- एक जाडजूड वही, किंवा कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट.
- १९८१ आणि १९९१ ते १९९८ या वर्षांची कॅलेंडरं. फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन पाहिलं तरी चालतं.
- ई-बुक असेल तर उत्तम. एखादं नाव सातशे पानांत कुठे कुठे आलंय ते शोधायला त्याच्यासारखी सोय नाही.

१. हातातली प्रत नेमकी कोणती, ते आधी बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पुस्तक उघडल्यावर शीर्षकाच्या पानामागे बारीक अक्षरांत प्रकाशनाचा तपशील असतो. तिथे बऱ्याचदा '१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १' अशी आकड्यांची ओळ दिसते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या प्रतीचं मुद्रण. दुसऱ्यांदा छापताना '१' काढून टाकतात, तिसऱ्यांदा '२'. ओळ '७' वर संपत असेल तर तुमच्या हातात सातवं मुद्रण आहे. वहीच्या पहिल्याच पानावर प्रकाशक, देश, वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि हा मुद्रण क्रमांक लिहून ठेवा.

याने काय फरक पडतो त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पहिल्या पुस्तकाचं आहे. ब्लूम्सबरी या ब्रिटिश प्रकाशकाने २६ जून १९९७ रोजी ते प्रसिद्ध केलं तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. त्यांच्या मलपृष्ठावर 'फिलॉसॉफर' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलं आहे. पान ५३ वर हॅरीला शाळेसाठी आणायच्या सामानाची यादी आहे, आणि तिच्यात 'एक छडी' दोनदा आली आहे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. जुन्या पुस्तकांचे व्यापारी आज याच खुणांवरून खरी पहिली प्रत ओळखतात.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या नकली प्रतींत ओळी गायब असतात, पानं मागेपुढे असतात, नावांची अक्षरं बदललेली असतात. त्या चुका त्या छापखान्याच्या. मी सुरुवातीला अशाच एका प्रतीवरून दोन पानं भरून 'चुका' काढल्या होत्या. अस्सल प्रतीशी ताडून पाहिल्यावर त्यातली एकही उरली नाही.

२. वहीत चार खण पाडा

पान आणि ओळ, तिथे काय म्हटलंय, ते कशाशी जुळत नाही, आणि शेरा. शेऱ्याचा खण सुरुवातीला कोराच ठेवा. तिथे काय लिहायचं ते सहाव्या पायरीत सांगते.

तिसऱ्या खणात दुसऱ्या जागेचं पानसुद्धा लिहायलाच हवं. 'मला आठवतंय की आधी वेगळं होतं' याला पुरावा म्हणत नाहीत.

३. तारखांचा कणा उभा करा

पहिल्या पुस्तकात कथा कोणत्या साली घडते ते कुठेही लिहिलेलं नाही. साल मिळतं ते दुसऱ्या पुस्तकात, आणि तेही एका केकवरून. निअरली हेडलेस निकच्या पाचशेव्या मृत्युदिनाची मेजवानी असते. तिथल्या थडग्याच्या आकाराच्या केकवर त्याच्या मृत्यूची तारीख असते: ३१ ऑक्टोबर १४९२. म्हणजे दुसरं पुस्तक १९९२ मधलं. त्या जुलैत हॅरीला बारा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्याचा जन्म १९८० चा. सातव्या पुस्तकात जेम्स आणि लिलीच्या थडग्यावर ३१ ऑक्टोबर १९८१ ही तारीख आहे आणि ती या हिशोबात चपखल बसते. कणा तयार झाला. आता बाकीच्या तारखा त्यावर टांगत चला.

लगेच काही गोष्टी खटकायला लागतात.

निक पहिल्या पुस्तकात म्हणतो की त्याने जवळजवळ चारशे वर्षं काही खाल्लेलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचा पाचशेवा मृत्युदिन! नंतरच्या मुद्रणांत ते 'पाचशे' करण्यात आलं, म्हणून तुमच्या प्रतीत काय आहे ते बघा.

पहिलं प्रकरण मंगळवारी सुरू होतं. हॅग्रिड पुढे सांगतो की व्होल्डेमॉर्ट पॉटर कुटुंबाच्या घरी हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, आला होता, म्हणजे हा मंगळवार १ नोव्हेंबरचा धरावा लागतो. आता त्याच संध्याकाळी टीव्हीवरचा हवामान सांगणारा काय म्हणतो ते वाचा: लोक आत्ताच फटाके उडवतायत, बॉनफायर नाइट तर पुढच्या आठवड्यात आहे. इंग्लंडात बॉनफायर नाइट ५ नोव्हेंबरला असते. मंगळवारी १ तारीख असेल तर ५ तारीख त्याच आठवड्यातल्या शनिवारी येते. ही मला फार आवडणारी विसंगती आहे, कारण ती पकडायला बाहेरचं कॅलेंडरही लागत नाही. पुस्तक आपल्याच दोन विधानांत अडकतं. त्याच प्रकरणात दुसरी एक पोकळीही आहे. आईवडील गेले हॅलोवीनच्या रात्री आणि हॅरी मावशीच्या दारात पोचला मंगळवारी रात्री. मधला अख्खा दिवस ते तान्हं बाळ कुठे होतं? जगभरचे वाचक या 'हरवलेल्या चोवीस तासां'वर अजून खल करतात.

बाहेरचं कॅलेंडर उघडलंत तर चुकांचा पाऊसच पडेल. १ नोव्हेंबर १९८१ ला रविवार होता. हॅरीचा अकरावा वाढदिवस पुस्तकात मंगळवारी येतो, पण ३१ जुलै १९९१ ला बुधवार होता. तिसऱ्या पुस्तकात ट्रेलॉनीबाई लॅव्हेंडरला शुक्रवार, १६ ऑक्टोबरची धास्ती घालतात. १९९३ मध्ये त्या तारखेला शनिवार होता. चौथ्या पुस्तकात १९९४ च्या उन्हाळ्यात डडली आपलं प्लेस्टेशन रागाने खिडकीबाहेर फेकतो. ते यंत्र जपानात बाजारात आलं डिसेंबर १९९४ मध्ये आणि युरोपात सप्टेंबर १९९५ मध्ये.

माझं स्पष्ट मत सांगते: या दुसऱ्या प्रकाराला फार मोठं करू नका. खरं साल गृहीत धरून वार जुळवायचं लेखिकेने कुठेही कबूल केलेलं नाही. नोंद जरूर करा, पण 'बाहेरच्या जगाशी विसंगती' अशा वेगळ्या पानावर. पुस्तकाची पुस्तकाशी गाठ पडत नाही ती खरी विसंगती.

४. बोटांवर मोजा

वाचताना आपण आकडे गिळून टाकतो. 'तीन जण उरले होते' असं वाचलं की डोळा पुढे सरकतो. तिथेच थांबायची सवय लावा.

सॉर्टिंग हॅटचा प्रसंग घ्या. पहिल्या पुस्तकाची अमेरिकी आवृत्ती १९९८ मध्ये स्कोलास्टिकने वेगळ्या शीर्षकाने काढली. तिच्यात शेवटी शेवटी वाक्य येतं की आता तीनच मुलं उरली. त्यानंतर नावं पुकारली जातात. डीन थॉमस, एक बोट. लिसा टर्पिन, दोन. मग रॉन, तीन. आणि शेवटी ब्लेझ झबिनी. चार! ब्रिटिश आवृत्ती उघडा: तिथे डीन थॉमसचं नाव या जागी नाहीच, म्हणून तिथले तीन बरोबर तीन आहेत. अमेरिकी आवृत्तीत एक मुलगा वाढवला, पण आदल्या वाक्यातला आकडा तसाच राहिला. संपादनातली चूक कशी जन्माला येते हे दाखवणारं याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून जिथे जिथे एखादं नाव किंवा वाक्य नंतर घातल्यासारखं वाटेल, तिथे आजूबाजूचे आकडे तपासा.

इयत्तांचंही तसंच. स्लिदरिनचा क्विडिच कप्तान मार्कस फ्लिंट पहिल्या पुस्तकात सहाव्या वर्षाला आहे. शाळा सात वर्षांची. तरी तिसऱ्या पुस्तकात तो मैदानात हजर! ही विसंगती इतकी गाजली की इंग्रजी वाचक अशा चुकांना 'फ्लिंट'च म्हणायला लागले. प्रत्येक मोठ्या मुलाच्या नावासमोर त्याचं वर्ष लिहून ठेवलंत तर असे फ्लिंट आपोआप हाती लागतात.

शब्दांची अदलाबदलही याच नजरेने पकडता येते. दुसऱ्या पुस्तकाच्या जुन्या मुद्रणांत डम्बलडोर व्होल्डेमॉर्टला स्लिदरिनचा उरलेला शेवटचा 'पूर्वज' म्हणतो. म्हणायचं होतं 'वंशज'. हे नंतर दुरुस्त झालं.

५. क्रम उलटा लावून बघा

आता छडीचा प्रसंग, ज्यावरून आमचं भांडण झालं होतं. चौथ्या पुस्तकाचं ३४ वं प्रकरण. हॅरी आणि व्होल्डेमॉर्टच्या छड्या एकमेकींना भिडतात आणि व्होल्डेमॉर्टच्या छडीने केलेले मंत्र उलट्या क्रमाने बाहेर पडू लागतात, सर्वांत अलीकडचा सर्वांत आधी. अशा वेळी वहीत आधी सुलटा क्रम मांडा:

- जेम्स पॉटर, ३१ ऑक्टोबर १९८१
- लिली पॉटर, त्याच रात्री, जेम्सनंतर
- बर्था जॉर्किन्स, १९९४
- फ्रँक ब्राइस, बर्थानंतर, पहिल्याच प्रकरणात
- सेड्रिक डिगरी, जून १९९५, त्याच रात्री स्मशानात
- वर्मटेलला दिलेला चांदीचा हात, सेड्रिकनंतर

आता यादी खालून वर वाचत जा आणि दुसरं बोट पुस्तकातल्या ओळींवर ठेवा. धुराचा हात येतो, बरोबर. सेड्रिक, बरोबर. म्हातारा फ्रँक, बरोबर. बर्था, बरोबर. यानंतर लिलीच यायला हवी, कारण बाळासमोर उभी राहिलेली आई नंतर मारली गेली. पण जुलै २००० च्या पहिल्या मुद्रणांत इथे जेम्स येतो आणि हॅरीला सांगतो की तुझी आई येतेय. पुढच्या मुद्रणांत लिली आधी येते आणि वडील येताहेत असं सांगते. ही दुरुस्ती करताना नुसती नावं बदलून भागलं नाही, तोंडची वाक्यंही बदलावी लागली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की हे शिवणकाम दिसतं.

हा पाठ बदलेपर्यंत अनेक वाचकांनी जेम्स आधी येण्यामागे काहीतरी मोठं गुपित असणार असं धरून तर्क लढवले होते. चूक चिमुकली होती, पण तिच्यावर इमले उभे राहिले.

६. 'चूक' हा शेरा मारण्याआधी तीन गोष्टी तपासा

*हे कोण बोलतंय?* हॅग्रिड पहिल्या पुस्तकात हॅरीला ठासून सांगतो की वाईट मार्गाला लागलेला एकूण एक जादूगार स्लिदरिनचा होता. पीटर पेटिग्रू ग्रिफिंडरचा. इतकंच काय, त्या वेळी हॅग्रिड ज्याला खुनी समजत होता तो सिरियसही ग्रिफिंडरचाच. मग ही लेखिकेची चूक? मला तसं वाटत नाही. हॅग्रिडचा स्लिदरिनवर राग आहे आणि रागात माणूस सरसकट बोलतो. निवेदक चुकला तर चूक. पात्र चुकलं तर तो स्वभाव.

*पुढे उलगडा होतो का?* पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड उडत्या मोटारसायकलवरून येतो आणि ती सिरियस ब्लॅकची असल्याचं सांगतो. नंतर दोन पुस्तकं हा माणूस गायब. हे सुटलेलं सूत वाटतं, आणि तिसऱ्या पुस्तकात तोच माणूस कथेच्या मध्यभागी येतो. म्हणून सातवं पुस्तक संपेपर्यंत शेऱ्याचा खण कोरा ठेवा असं मी म्हटलं.

*लेखिकेने बाहेर काही सांगितलंय का?* थेस्ट्रल हे प्राणी मृत्यू पाहिलेल्यालाच दिसतात. हॅरीने सेड्रिकला मरताना पाहिलं, तरी चौथ्या पुस्तकाच्या शेवटी बग्गीत बसताना त्याला ते दिसत नाहीत. पाचव्याच्या सुरुवातीला दिसतात. जे. के. रोलिंग यांचं म्हणणं असं की मृत्यू मनात मुरावा लागतो, नुसता पाहून भागत नाही. मला स्वतःला हे पटतं. ज्याच्या घरात कुणी गेलंय त्याला ठाऊक असतं की ते समजायला दिवस लागतात. पण हे स्पष्टीकरण पुस्तकाबाहेरचं आहे, म्हणून शेऱ्यात तसं लिहा.

काही नोंदी मात्र कायम अधांतरी राहतात. सातव्या पुस्तकात हर्मायनी सांगते की तिने आपल्या आईवडिलांच्या स्मृती बदलल्या. थोड्याच पानांनी, लंडनच्या कॅफेतल्या झटापटीनंतर ती म्हणते की स्मृतीचा मंत्र तिने कधी केलेला नाही, फक्त त्याचं ज्ञान आहे. स्मृती बदलणं आणि पुसणं हे दोन वेगळे मंत्र आहेत असं म्हणून काही जण तिची बाजू घेतात. मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या वहीत तिथे 'वादग्रस्त' असं लिहिलंय. तुमच्याही वहीत अशी चार-दोन पानं राहू द्या.

७. भाषांतर वाचत असाल तर

मराठीत ही मालिका मंजुल पब्लिशिंग हाउसने आणली. पहिल्या पुस्तकाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. 'परीस' या शब्दाने ते नाव किती आपलं झालंय! पण मराठी प्रतीत काही खटकलं तर आधी इंग्रजी प्रतीत तीच जागा काढा, आणि मगच नोंद करा.

भाषांतरकाराला अशा जागी निर्णय घ्यावा लागतो जिथे मूळ लेखिकेने काही ठरवलेलंच नसतं. मघाचा ब्लेझ झबिनी बघा. इंग्रजीत पहिल्या पुस्तकात तो मुलगा की मुलगी हे कळत नाही. मुलगा आहे हे सहाव्या पुस्तकात स्पष्ट होतं. मराठीत तर 'गेला' किंवा 'गेली' म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही! नात्यांचंही तसंच. इंग्रजीत पेट्यूनिया आणि मार्ज दोघीही 'आंट'. मराठीत पेट्यूनिया हॅरीची सख्खी मावशी, आणि मार्ज मावशीच्या नवऱ्याची बहीण, म्हणजे डडलीची आत्या आणि हॅरीची रक्ताची कुणीच नाही. इथे भाषांतरकाराने जो मार्ग काढला असेल त्याला चूक म्हणू नका. फ्रेंचमध्ये व्होल्डेमॉर्टच्या मूळ नावातला मधला शब्द चक्क 'एल्विस' केला आहे, कारण त्या नावाची अक्षरं फिरवून फ्रेंच वाक्य जुळवायचं होतं.

८. प्रकाशकाला कळवायचं असेल तर

पत्ता किंवा ईमेल त्याच तपशिलाच्या पानावर असतो. पत्र लहान ठेवा: आयएसबीएन, मुद्रण क्रमांक, पान, ओळ, सध्याचा मजकूर, काय असायला हवं आणि का, एका वाक्यात. एका पत्रात एकच चूक. वीस चुकांची यादी पाठवली की ती बाजूला पडते. 'बाहेरच्या जगाशी विसंगती' आणि 'वादग्रस्त' या नोंदींतलं काही पाठवू नका. छापखान्यात दुरुस्त होईल असंच पाठवा.

आपल्या प्रतीत मजकूर खोडून सुधारू नका. समासात पेन्सिलीने बारीक खूण पुरे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्याच वेळी कुणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये असंही बजावून ठेवलं. शिवाय चुकलेला जुना पाठ हाच पुढे पुरावा ठरतो. माझ्या मावसबहिणीच्या प्रतीत जेम्स आधी येतो त्या पानाला आता चिठ्ठी लावलेली आहे आणि ती प्रत ती कुणाला उसनी देत नाही.

आज रात्रीच सुरुवात करायची असेल तर पहिलं पुस्तक घ्या. पाचव्या प्रकरणात सामानाची यादी काढा आणि छडी किती वेळा आली आहे ते बघा. मग सातव्या प्रकरणात शेवटची उरलेली मुलं बोटांवर मोजा.